दहा फुटांचा कर्ण

बाई, तुझा जीव तापानं घेतला, छपरानं नाही. डॉक्टरांनी मला हे दोनदा समजावून सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. ताप मेंदूत चढला, तीन दिवसांत सगळं आटोपलं, घराच्या ओलीचा त्याच्याशी काही संबंध नाही, सुक्या घरातली माणसंही अशीच जातात. हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी चिडलो. तुला मारल्याचा दोष अंगावर घेऊन मी मोठ्यानं रडलो असतो, चार लोकांनी पाठीवर हात फिरवला असता, आणि माझा खरा दोष, जो त्याहून लहान आहे आणि त्याहून घाणेरडा, त्या रडण्याखाली झाकून गेला असता. तेवढीही सोय तू ठेवली नाहीस.

तार आली तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर काटकोन त्रिकोण काढत होतो, असं मी आता सांगायला लागलोय. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. खरं म्हणजे मी शिक्षकांच्या खोलीत दुसरा चहा पीत बसलो होतो आणि फळा पुसलेला होता. माझी ही खोड तुला ठाऊक आहे. आपल्याकडे लग्न असो की बारसं, जेवणं झाली की सतरंजीच्या मधोमध मी आणि भोवती सगळे, ‘मामाजी, ते सांगा नं, ते सांगा!’ गोष्ट रंगावी म्हणून मी आजवर पुष्कळ माणसांची वयं, बोलणी आणि अक्कल बदलली. सगळ्यात जास्त तुझी. आज गोष्ट रंगली नाही तरी चालेल, जशी झाली तशी सांगतो. तुला ती माहीतच आहे. सांगायची गरज माझी आहे.

आपले बाबा गेले तेव्हा तू चौथीत होतीस आणि मी नुकता चालायला शिकलेला. पुढे माझं शाळेचं वय झालं तेव्हा माय म्हणाली, एकाच्याच शाळेचं होईल. कोणाच्या, ते तिला सांगावं लागलं नाही. तू बांधकामावर रेजा झालीस. डोक्यावर घमेलं, घमेल्यात माल, आणि दिवसभर कोणा ना कोणा मिस्त्रीच्या ‘आन व, लवकर आन’ला ओ देणं. मी तुझ्या घमेल्यावर मॅट्रिक झालो, तुझ्या घमेल्यावर चंद्रपूरला बी.एस्सी. झालो, आणि कोरपन्याकडे एका शाळेत गणिताचा मास्तर झालो तेव्हा पहिलं काम हे केलं, की सुट्टीत येऊन तुला पायथागोरसचा सिद्धांत शिकवायला बसलो.

आठवतं? अहेरीच्या रस्त्याला एका गोदामाचा पाया आखणं चाललं होतं. आपल्या गावच्या डोमा मिस्त्रीला तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं, आणि कोणाला कळू नये म्हणून तो आखणीची सुतळी हळूच तुझ्या हातात द्यायचा. सुतळीला बारा सारखे भाग पाडून गाठी मारलेल्या. एका खुंटीपासून तीन गाठी इकडे, चार गाठी तिकडे, आणि उरलेल्या पाचांनी दोन्ही टोकं जुळली की कोपरा काटकोनात. तू उकिडवी बसून एक डोळा मिटून ते करत होतीस, आणि मी वर उभा राहून, पँटीची घडी सांभाळत, म्हणालो, “बाई, हे तर भूमितीचं प्रमेय आहे! कर्णाचा वर्ग म्हणजे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज!”

“कर्ण कोन?”

“ही तिरपी बाजू. काटकोनाच्या समोरची.”

“हिले आमी पाच म्हनतो,” तू म्हणालीस आणि खुंटी ठोकलीस.

मी ऐकतो कसला. तिथेच पडलेल्या चौकोनी फरश्या गोळा केल्या. तीनावर नऊ मांडल्या, चारावर सोळा, आणि त्या सगळ्या उचलून पाचावर पंचवीस बसवून दाखवल्या. वाटलं, तू तोंडावर हात ठेवशील. तू फरश्यांकडे बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, “अन् दोन्हीकून पाच-पाच घेतलं तं तिरपं किती येते?”

“पन्नासाचं वर्गमूळ. सात आणि वर थोडं.”

“थोडं म्हंजे किती?”

“ते संपत नाही बाई. दशांश चिन्हापुढे आकडे चालतच राहतात.”

“काऊन संपत नाई? सुतळीवर तं संपते.” आणि गालातल्या गालात हसून, “जाय गा गुर्जी, तुह्यं पुस्तक अर्धंच छापलं दिसते.”

हा आपला वाद पुढे वीस वर्षं चालला. मी म्हणायचो, तुझं तीन-चार-पाच म्हणजे नुसतं एक उदाहरण, सिद्धता ही वेगळी चीज असते, ती एकदा झाली की जगातल्या कोणत्याही काटकोन त्रिकोणाला लागू. तू म्हणायचीस, भिंत उभी राहते हीच सिद्धता, पडली तं तुह्या पुस्तकाले पकडून आनीन. मी तुला ‘सिद्धता’चा अर्थ कधी समजावू शकलो नाही आणि तू मला भिंतीचा. दोघांनाही दुसरा अडाणी वाटत होता. फरक इतकाच, की तू ते हसून म्हणायचीस आणि मी ते मनापासून मानायचो.

मग नवा जिल्हा झाला. सरकारी क्वार्टरं, शाळा, गोदामं, जिथं तिथं पाये खोदले जाऊ लागले. मिस्त्री कमी पडले आणि आखणीसाठी तुला लांबलांबून बोलावणं यायला लागलं. मजुरी रेजाचीच होती, नाव मिस्त्रीचंच, पण आखणी झाल्याशिवाय कोणी कुदळ मारत नव्हतं. त्याच काळात तू घर बांधायला घेतलंस. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मातीच्या भिंती तू स्वतः घातल्यास. रुंदी सोळा फूट. छपराचं मधलं आडं भिंतींपेक्षा सहा फूट उंच, म्हणजे आपल्याकडच्या पावसात कवेलूंवर पाणी थांबायला नको. आता फक्त आड्यापासून दोन्ही भिंतींवर तिरपे उतरणारे फाटे हवे होते. त्यासाठी निस्तारातून, म्हणजे गावाच्या जंगलहक्कातून, सागवान मिळत होतं. अर्ज करायचा, त्यात लाकडाची लांबी लिहायची, परवाना मिळाला की डेपोतून तेवढ्या लांबीचं मोजून घ्यायचं. एकदा लाकूड उचललं की पुन्हा काही वर्षं नाव काढायचं नाही.

अर्ज भरायला मी तुझ्यासोबत आलो. तुला जंगलखात्याच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली बसवलं आणि आत गेलो. बाबूनं विचारलं, “फाटे किती फुटांचे?” बाहेर येऊन तुला विचारायला वीस पावलं चालावी लागली असती. मी चाललो नाही. कागद पालथा केला आणि त्रिकोण काढला. सोळाचे अर्धे आठ. उंची सहा. आठाचा वर्ग चौसष्ट, सहाचा छत्तीस, बेरीज शंभर. शंभराचं मूळ दहा! बाई, इतकं स्वच्छ उत्तर माझ्या नोकरीत मला कधी मिळालं नव्हतं. तुझंच तीन-चार-पाच, दुप्पट होऊन आलेलं. बाबू म्हणाला, “वा गुरुजी, शिकलेल्या माणसाची गोष्टच न्यारी.” मी ऐटीत लिहिलं, दहा फूट.

लाकूड बैलबंडीनं आलं. डोमा मिस्त्रीला घेऊन तू पहिला फाटा चढवलास. तो आड्यापासून निघाला आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेवर येऊन थांबला. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मी खाली उभा राहून टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, यात माझी भर नाही.

तू वरून खाली पाहिलंस. “बरोबर आहे रे,” म्हणालीस. “अन् पानी कुठी पडन?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. छप्पर भिंतीच्या बाहेर फूट-दीड फूट यावं लागतं, त्याची वळचण व्हावी लागते, नाहीतर छपराचं सगळं पाणी मातीच्या भिंतीवरूनच उतरतं, हे गावातल्या कोंबडीलाही माहीत आहे. ती पावसात तिथंच उभी राहते. माझ्या त्रिकोणात कोंबडीला जागा नव्हती.

“जाऊन सांग नं गा,” तू म्हणालीस. “लाकूड अजून तसंच हाये, बदलून देतीन. सांग का माह्यं चुकलं म्हनून.”

बाई, त्या बाबूसमोर? ज्यानं वा म्हटलं त्याच्यासमोर? मी म्हणालो, शाळा उघडते आहे, मला निघायला हवं. शाळा उघडायला अजून आठ दिवस होते.

तू पुन्हा विचारलं नाहीस. फाट्यांना बांबूचे तुकडे जोडून पाहिलेस, ते कवेलूंच्या वजनानं वाकले. मग तू काय केलंस ते मला डोमा मिस्त्रीकडून कळलं. तू सुतळी घेतलीस, दहाच फुटांची, आणि तिचं वरचं टोक खाली-खाली आणत बघितलंस, की खालचं टोक भिंतीबाहेर किती सरकतं. आडं सहा फुटांवरून तीन फुटांवर आणलंस आणि वळचण मिळवलीस. मी कोरपन्याला परतल्यावर कागदावर करून पाहिलं. आठाचा वर्ग आणि तीनाचा वर्ग, बेरीज त्र्याहत्तर, मूळ साडेआठ आणि वर थोडं. दहातून गेलं, उरलं जवळपास दीड फूट. तुझी वळचण मोजली असती तर तेवढीच भरली असती. माझं प्रमेय तू उलटं चालवलं होतंस, आणि ते तुला कोणी शिकवलं नव्हतं. पत्रात लिहावं असं वाटलं. लिहिलं नाही, कारण लिहायला घेतलं असतं तर पहिल्या ओळीत माफी मागावी लागली असती.

भिंती वाचल्या. पण छप्पर इतकं चपट झालं, की झड लागली की पाणी कवेलूंवरून उतरायच्या ऐवजी उलटं आत शिरायचं. सहा पावसाळे तू घमेली, गंज, बादल्या मांडून काढलेस.

आणि घर बांधल्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात ती मीटिंग झाली. तिच्यापासून मी इतका वेळ लांब पळतोय.

गावानं विहार बांधायचं ठरवलं होतं. आपली सगळी माणसं ओट्यावर जमलेली. डोमा मिस्त्री म्हणाला, माझ्या डोळ्यांनी आता होत नाही, आखणी दुसऱ्या कोणी करावी. तू बायांच्या बाजूनं उठलीस. “आखणी मी करीन,” म्हणालीस. तुझ्या आवाजात असं काही मी आधी ऐकलं नव्हतं. तू आयुष्यात काही मागितलेलं मी पाहिलेलंच नव्हतं. गोदामं, क्वार्टरं, कोणाकोणाच्या भिंती तू आखल्यास, पण दरवेळी मिस्त्रीच्या नावावर. हे एक काम तुला उघड, सगळ्यांदेखत, तुझ्या नावावर हवं होतं.

 मग डोमा मिस्त्रीच बोलला, ज्यानं स्वतः तुझ्या हातात सुतळी दिली होती तो. “केली असती व बाई. पन तुह्या घराचं छप्पर साऱ्याईनं पाह्यलं. जिले आपल्या घराचं माप नाई साधलं, तिच्या हाती विहाराची दोरी कशी द्याची?”

लोक हसले. मी तुझ्यापासून दोन हातांवर होतो. माझ्या तोंडात सुपारी होती, हे कारण मी पुढे स्वतःला बरेच दिवस दिलं. सुपारी थुंकता येते, बाई. मला तेव्हाही येत होती.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर मी बोललो असतो, असं मला वाटतं. हेही कदाचित मी रंगवतोय. तू म्हणालीस, “हव. माह्यंच चुकलं. दहा फूट मीच सांगतलं होतं,” आणि बसलीस.

घरी जाताना मी म्हणालो, “खोटं काऊन सांगतलं?”

“तुह्या शाळेत समजलं असतं तं पोरं हसले असते तुले. गनिताचा मास्तर.”

“आणि तुला हसले ते?”

“मले हसाची सवय आहे लोकाइले.”

मी सुटकेचा श्वास टाकला. तू ऐकलास. तू मला वाचवलंस आणि त्याबद्दल मी तुला आजतागायत माफ केलेलं नाही. एक कानाखाली दिली असतीस, भर सभेत माझं नाव घेतलं असतंस, तर आठ दिवस तोंड लपवलं असतं आणि मग आपण भाऊबहीण राहिलो असतो. तू मला कर्जात ठेवलंस. नाही, हे चुकीचं आहे. तू काहीच ठेवलं नाहीस, तू विसरून गेलीस. मला ते अजून कठीण गेलं.

विहाराची आखणी परगावच्या मिस्त्रीनं केली. दोन महिने तू तिथं विटा वाहिल्यास, श्रमदान म्हणून. परवा मी सुतळी घेऊन विहाराचे कोपरे मोजले. कोपरे बरोबर आहेत. दोन्ही कर्ण सारखे भरले. वाकडे भरले असते तर मला किती बरं वाटलं असतं! पण त्या मिस्त्रीचं काम चोख होतं, आणि तुझंही तितकंच चोख झालं असतं, एवढंच. त्या मीटिंगची बातमी मात्र पसरली. मिस्त्री लोक तुला पुन्हा घमेल्यावर बोलावू लागले. सुतळी कोणी दिली नाही.

आणि मी काय केलं? गोष्ट केली. ‘बाईचं चपट छप्पर.’ बाईच्या घरात उंच माणूस वाकूनच शिरतो, त्यामुळे सगळ्या गावात सगळ्यात जास्त मान बाईलाच. बाईकडे पावसाळ्यात जेवायला बसलं की वरणात पाणी घालावं लागत नाही, ते वरून येतं. परवान्यावर दहा फूट कोणी लिहिलं, तो भाग मी गोष्टीत घेतच नव्हतो. तू सगळ्यांपेक्षा जास्त हसायचीस, वर मलाच आठवण द्यायचीस, “अन् ते बादल्याइचं सांग नं गा!” गेल्या वर्षी आपल्या चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नात मात्र मी ‘आमच्या बाईचं छप्पर’ म्हणून सुरुवात केली आणि तू उठलीस. पत्रावळ्या उचलायला लागलीस. मी गोष्ट पूर्ण केली. लोक हसले. त्यानंतर तू मला भेटली नाहीस.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. सगळे म्हणाले, बाई कष्टाळू होती. सात जण बोलले आणि सातांनीही कष्टाळू म्हटलं, जशी काही तू बैलजोडी होतीस. माझ्या खिशात लिहून आणलेली चार पानं होती, छान होती, दोन ठिकाणी लोक नक्की रडले असते. मी उठलो आणि पानं काढली नाहीत. म्हणालो, “परवान्यावर दहा फूट मी लिहिलं होतं. बाईला विचारलं नाही. वळचण मी विसरलो. बाईनं माझं नाव घेतलं नाही, मी गप्प बसलो.”

पंचेचाळीस वर्षांचा मास्तर, शिक्षेची वाट पाहणाऱ्या पोरासारखा उभा होतो. वाटलं, आता काहीतरी होईल. कोणी ओरडेल, कोणी तोंड फिरवेल.

डोमा मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही डोळे आता पांढरे झालेत त्याचे. तो म्हणाला, “बसा गुर्जी. माहीत आहे आमाले.”

“काय माहीत आहे?”

“हेच. मी नाई होतो का फाटे चढवाले? वळचण इसरनारी रेजा अजून जलमाले याची आहे. ते शिकलेल्या मानसाचीच चूक होती, तवाच समजलं होतं.”

“मग मीटिंगमध्ये तुम्ही तसं का बोलले?”

 लपवाछपवी करायचं त्याचं वय राहिलेलं नाही. “माह्यानंतर बाईच उठन हे ओळखून चार मिस्त्री आंधीच सांगून गेले होते, बाईच्या नावाच्या दोरीवर आमी भिंत उचलत नाई म्हनून. मले काई तरी म्हना लागत होतं. छप्पर होतं समोर, छप्पर म्हटलं. तुमी बोलले असते तं आमाले दुसरं कारन शोधा लागलं असतं.”

 मग लोक जेवायला उठले. एकानं मला विचारलं, गुरुजी, भाजी वाढू का?

बाई, दुसरं कारण त्यांना सापडलं असतं, याबद्दल मला शंका नाही. गावाला अशी कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. पण तरी थोडा वेळ लागला असता. एखादा आठवडा, नाहीतर निदान एक सकाळ. त्या सकाळी सुतळी तुझ्या हातात राहिली असती, आणि सगळ्यांदेखत पहिली खुंटी तू ठोकली असतीस.